ताटात काय आहे, आणि ताटासमोर कोण बसलंय?

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 5 ते 10.

सतराव्या अध्यायातले आहाराचे तीन श्लोक, आठ, नऊ आणि दहा, आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतात. सात्त्विक, राजस, तामस. पण आज थोडं मागून, म्हणजे पाचव्या श्लोकापासून सुरुवात करूया. त्याला एक कारण आहे. सत्संग संपला की हल्ली कॉलेजची मुलं-मुली थांबून एक प्रश्न हमखास विचारतात: "दूध-दही सोडून व्हीगन व्हायचंय. पण हॉस्टेलला राहतो, वेळ नाही, पैसे बेताचे. आणि प्रसादाचं काय? आईला काय सांगू?"

प्रश्न छान आहे, मनापासून विचारलेला असतो. म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकूया. गीतेत दूध सोडा असं कुठेही सांगितलेलं नाही. 'व्हीगन' हा शब्दच 1944 सालचा, इंग्लंडमध्ये तयार झालेला. आपला कान्हा तर लोण्यासाठी घरोघरी फिरणारा! तेव्हा श्लोकांना ओढूनताणून आपल्या बाजूने उभं करू नका. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि आजच्या धंद्यात तिच्या गोऱ्ह्याला कुणी विचारत नाही. हे बघून तुमचं मन द्रवलं असेल, तर ती दया स्वतःच पुरेशी आहे. तिला श्लोकाचं सर्टिफिकेट लागत नाही.

मग गीता इथे काय देते? पाचव्या-सहाव्या श्लोकात भगवंत अशा लोकांबद्दल बोलतात जे शास्त्राने न सांगितलेलं उग्र तप करतात. दंभ आणि अहंकार त्यात मिसळलेला असतो. ते शरीराला सुकवतात, आणि त्या शरीराच्या आत बसलेल्या मलाही त्रास देतात, असं भगवंत म्हणतात. अशा निश्चयाला ते आसुरी म्हणतात. शब्द फार कडक आहे! गंमत म्हणजे आहाराची चर्चा याच्या लगेच नंतर येते. म्हणजे 'काय खावं' हे सांगायच्या आधी देवाने 'स्वतःला छळू नका' हे सांगून ठेवलंय.

हे मी मुद्दाम लांबवतोय. नाश्त्याला दूध नको म्हणून चहा-बिस्कीट बंद, मेसमध्ये पनीर आहे म्हणून जेवण बंद, रात्री कढी आहे म्हणून नुसता भात. तीन आठवड्यांत चेहरा उतरतो, लेक्चरला डोळे मिटतात. आणि वर कौतुक: "किती कंट्रोल आहे तुझा!" काहींच्या बाबतीत तर 'व्हीगन' हे न जेवण्याला मिळालेलं एक सभ्य नाव असतं. तुमच्या बाबतीत असं काही होत असेल, वजन काट्यावर रोज बघितलं जात असेल, तर आधी एखाद्या जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोला. दूध सोडायचं की नाही हे नंतर ठरवता येईल. वासराची दया येते तशी आपल्या शरीराचीही यायला हवी ना? त्यातही तोच बसलाय.

सहाव्या अध्यायातही हेच आहे. फार खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. (परीक्षेच्या आठवड्यात शेवटचं वाक्य भिंतीवर चिकटवा.)

आता आठवा श्लोक. यात एकाही पदार्थाचं नाव नाही, हे कधी लक्षात आलंय? नववा-दहावाही तसाच. दूध नाही, तूप नाही, डाळ नाही. आयुष्य, बळ, आरोग्य, सुख, प्रीती वाढवणारं ते सात्त्विक. रसदार, स्निग्ध, टिकाऊ शक्ती देणारं, मनाला आवडणारं. म्हणजे अन्नाची ओळख ते पोटात गेल्यावर काय करतं यावरून. आणि फार खारट, फार तिखट, कोरडं, जळजळ करणारं ते राजस. आता सांगा, वेफर्सचं पाकीट, कोल्ड्रिंक, गाड्यावरची भजी, हे सगळं व्हीगनच आहे की! पण सात्त्विक कोण म्हणेल? म्हणून सुरुवात 'काय काढू' यापासून नको, 'काय वाढू' यापासून करा.

आणि वाढायला आपल्याकडे किती आहे! झुणका-भाकर, मटकीची उसळ, कांदेपोहे, वरचं लोणी सोडलं तर थालीपीठ. आपल्या आज्या हे व्हीगन म्हणून करत नव्हत्या, पण आहे ते व्हीगनच. कॉट बेसिसवर राहत असाल, एक इंडक्शन आणि एक छोटा कुकर असेल, तरी भागतं. रात्री झोपताना मूठभर मटकी भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड आलेले असतात. यात तुमची मेहनत पाच मिनिटांची, बाकी सगळं ती मटकी करते. भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे बॅगेत ठेवा. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात, सोया वडीत त्याच्या दुप्पट. घरून येताना शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची कोरडी चटणी आणा, मेसची कंटाळवाणी पोळी-भाजीही सुधारते. स्निग्ध म्हणजे फक्त तूपच कशाला? तीळ, खोबरं, शेंगदाणा, सगळ्यात स्निग्धता आहे.

कॅल्शियमसाठी नाचणी. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधात तेवढ्याच वजनाला 120 च्या आसपास. पाण्यात शिजवून गूळ घातलेली नाचणीची पेज दहा मिनिटांत होते. ताकाची आठवण आली तर सोलकढी: कोकम आणि नारळाचं दूध, कोकणाने हे उत्तर आपल्यासाठी कधीच काढून ठेवलंय. उसळीवर लिंबू पिळा, त्याने लोह नीट शोषलं जातं. आणि जेवल्यावर लगेच चहा नको, कोराही नको, तासभर थांबा.

एक गोष्ट मात्र उसळीतून मिळत नाही: बी-12 जीवनसत्त्व. वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही. अंकुरलेल्या धान्यातून नाही, इडलीच्या आंबवलेल्या पिठातूनही नाही. शरीराला ते दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढंच लागतं, पण लागतंच. यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता लगेच कळत नाही. थकवा, हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा असं हळूहळू सुरू होतं. दूध-दही खाणाऱ्या शाकाहारी लोकांतही आपल्याकडे ही कमतरता सर्रास दिसते. तेव्हा सुरुवातीलाच एकदा रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना विचारून गोळी चालू करा. "मी नैसर्गिक राहणार, गोळी घेणार नाही" हा हट्ट आला, की पाचवा श्लोक पुन्हा उघडा.

दहाव्या श्लोकाबद्दल थोडंसंच. प्रहर उलटून गेलेलं अन्न तामस, असं वाचून एकीने विचारलं, "माझा डबा सकाळी सातला भरतात, मी एकला खाते. मग?" घाबरू नका. शंकराचार्यांनी त्या शब्दाचा अर्थ नीट न शिजलेलं असा घेतलाय. कुणीतरी पहाटे उठून भरलेला डबा आहे तो. हात जोडून खा.

आता प्रसाद. पंचामृतात दूध, दही, तूप, मध सगळंच आहे, आणि पुढे केलेला हात मागे घेणं जड जातं. माझं मत सांगतो, तुमचं वेगळं असू शकेल. प्रसाद कपाळाला लावा आणि शेजारच्याला द्या, कुणाचा अपमान होत नाही. एखाद्याला वाटलं की थेंबभर घ्यावं, तर घ्यावं. त्याला व्हीगनपणातून कुणी काढून टाकू नये. घरी स्वतः नैवेद्य दाखवता तेव्हा तर प्रश्नच नाही. नवव्या अध्यायात भगवंत भक्ताकडून काय मागतात आठवा: पान, फूल, फळ, पाणी. चारही गोष्टी झाडाच्या आणि नदीच्या. पंढरपूरहून येताना आपण चुरमुरे-बत्तासेच आणतो की.

राहिली आई. हे सगळ्यात अवघड. तिच्यासाठी वरणभातावरचं तूप म्हणजे तूप नसतंच, तिची माया असते ती. तुम्ही सुट्टीत घरी जाऊन ताटावर बसून "यात क्रूरता आहे" असं भाषण दिलंत, तर तिला एवढंच ऐकू येणार की इतकी वर्षं मी चुकीचं वाढलं. दंभ आणि अहंकार शिरतो तो इथूनच, तुपाच्या वाटीतून नाही. त्यापेक्षा आधी स्वयंपाकघरात जा. "आई, तूप नको गं वाढूस, पण तुझी ती काळ्या वाटाण्याची उसळ शिकव ना मला. रूमवर करायचीय." ती दोन दिवस कुरकुर करेल. "हाडं ठिसूळ होतील तुझी," म्हणेल. नाचणीचं सांगा, गोळीचं सांगा, रिपोर्ट दाखवा. आणि ती जे वाढेल त्यातलं जे चालतं ते पोटभर, दोनदा मागून खा.

एकदम सगळं जमलं नाही तर? आधी सकाळचा चहा आणि नाश्ता बदला, महिनाभर तेवढंच. मग मेसवाल्या काकांना सांगून पोळीवरचं तूप बंद करा. कुणाच्या लग्नात चुकून श्रीखंड वाढलं गेलं, तर पंगतीत वाद घालत बसू नका. पुढचं जेवण आहेच.

आज रात्री एवढंच करा: मूठभर मटकी भिजत घाला, आणि घालताना नाम घ्या.

उद्या श्लोक 11 पासून पुढे, यज्ञाचे तीन प्रकार.

राम कृष्ण हरी!