फलक उचलण्याआधी

चि. भाच्यास,


तू पाठवलेला फोटो पाहिला. विद्यापीठाच्या रंगांनी रंगवलेला चेहरा आणि हातात पुठ्ठ्याचा फलक: ‘कोचला हाकला’. घरच्या मैदानावर लागोपाठ हरल्यावर डोकं फिरणारच. संघ तुझा आहे, बोलायचा हक्कही तुझाच. फक्त माझं थोडं ऐक.

मी नॉर्थ कॅरोलायनात आलो तेव्हा ड्यूक विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच माइक शशेफ्स्की यांना लोक देव मानत. जुने शेजारी मात्र वेगळं सांगत. १९८० साली ते ड्यूकला आले. दुसऱ्या हंगामात १० विजय, १७ पराभव; तिसऱ्यात ११ आणि १७. त्या हंगामाच्या अखेरीस, १९८३ मध्ये, व्हर्जिनियाने त्यांना १०९-६६ असं धुतलं. यांना काढा, म्हणून देणगीदार हात धुऊन मागे लागले. क्रीडासंचालक टॉम बटर्स यांनी पुढच्या हंगामात त्यांचा करार उलट वाढवून दिला.

त्या ११ विजयांच्या संघाकडे नीट बघ. जॉनी डॉकिन्स, मार्क अलेरी, जे बिलास, डेव्हिड हेंडरसन ही सगळी पहिल्या वर्षाची पोरं होती. याच पोरांनी १९८६ मध्ये ३७ सामने जिंकून अंतिम फेरी गाठली. पुढे त्याच कोचने पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

याचा अर्थ प्रत्येकाला थांबून संधी द्यावी, असा नाही. जॉर्जटाउन विद्यापीठाला १९८४ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा खेळाडू पॅट्रिक यूइंग २०१७ मध्ये तिथे कोच झाला. २०२१ मध्ये त्याच्या संघाने बिग ईस्ट या गटाची स्पर्धा जिंकली, आणि पुढच्याच हंगामात तोच संघ त्या गटातले १९ च्या १९ सामने हरला. विद्यापीठाने आणखी एक वर्ष दिलं. ७ विजय, २५ पराभव. चांगले खेळाडू सोडून जात राहिले. रोपच टिकत नसेल तर पाणी घालून काय उपयोग? २०२३ मध्ये त्याला दूर केलं, ते योग्यच झालं.

म्हणून पुढच्या सामन्यात स्कोअरबोर्ड थोडा वेळ विसर. टाइमआउटमध्ये पोरं कोचच्या तोंडाकडे बघतात की छताकडे? नोव्हेंबरात ढिसाळ असलेला बचाव फेब्रुवारीत सावरलाय का? वीस गुणांनी मागे असतानाही चेंडू गेल्यावर पाचही जण परत धावतात का? आता एक वर्ष बाहेर न बसताही खेळाडूला विद्यापीठ बदलता येतं. तरी पोरं इथेच राहतायत का? उत्तरं ‘हो’ असतील तर धीर धर. ‘नाही’ असतील तर क्रीडासंचालकांना स्वतःच्या नावाने पत्र लिही, कारणं दे, बदल माग. तेव्हा मीही तुझ्या बाजूने असेन.

पण तो फलक नको. का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सामन्यात माझ्या पुढच्या रांगेत कोचची दहा-बारा वर्षांची मुलगी बसली होती. ‘हाकला, हाकला’ सुरू झालं तशी तिने जॅकेटची टोपी डोक्यावर ओढून घेतली. सामना संपेपर्यंत काढली नाही. त्या ओरडण्यात माझाही आवाज होता. पुढे त्या कोचला काढलं, आणि ते बरोबरही होतं. तरी ती टोपी मला अजून दिसते.

शनिवारी सामन्याला जाशील ना? काय दिसलं ते मला कळव.

तुझा,
मामा