ग्रॅम्बलिंगवर लिहिण्याआधी

रस्टन, लुइझियाना

चि. भाचीस,


पुढच्या दिवाळी अंकासाठी तू ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलवर लिहिणार आहेस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तू पाठवलेला आराखडाही दोनदा वाचला. सुरुवात १९८८ च्या सुपर बोलपासून, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यापासून, मध्ये प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचे ४०८ विजय आणि शेवटी जिद्दीवर एक परिच्छेद. ग्रॅम्बलिंग माझ्या घरापासून काही मैलांवर आहे आणि इथल्या लोकांत मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून मामाच्या हक्काने सांगतो. हा आराखडा बाजूला ठेव. कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या कॉलेजात पाऊल ठेवू न देणाऱ्या कायद्यामुळे हा संघ असा घडला, आणि तो कायदा गेल्यावर त्याची ताकद ओसरत गेली. या दोन्ही गोष्टी एकाच लेखात मांडायची तयारी असेल, तरच लिहायला बस.

सुरुवात मैदानापासून करू नकोस, शाळेपासून कर. उत्तर लुइझियानातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या मुलांसाठी शाळा काढायचं ठरवलं आणि टस्कीगीच्या शाळेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे मदत मागितली. त्यांनी चार्ल्स पी. ॲडम्स नावाचा आपला माणूस पाठवला. १९०१ साली शाळा सुरू झाली. त्याच्या पाचच वर्षं आधी, १८९६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलं होतं. तो प्लेसी खटला याच राज्यातला, न्यू ऑर्लिन्सहून निघणाऱ्या आगगाडीच्या डब्यावरून उभा राहिलेला. वेगळेपण तेवढं काटेकोर पाळलं गेलं, समानता कधीच आली नाही. हे वाचकाच्या मनात पक्कं बसल्याशिवाय पुढचं एकही पान लिहू नकोस, कारण पुढच्या प्रत्येक गोष्टीचं कारण इथे आहे.

मग १९४१ वर ये. एडी रॉबिन्सन तेव्हा २२ वर्षांचे होते. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे, आई लोकांकडे घरकाम करणारी. लेलंड कॉलेजात शिकून, तिथे खेळून बाहेर पडल्यावर ते बॅटन रूजमधल्या पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर काम करत होते. ग्रॅम्बलिंगने महिना ६३ डॉलर ७५ सेंट पगारावर त्यांना प्रशिक्षक म्हणून घेतलं. संस्थेचे अध्यक्ष राल्फ वॉल्डो इमर्सन जोन्स स्वतः बेसबॉलचा संघ सांभाळत, यावरून तिथे माणसांची किती चणचण होती ते समज. रॉबिन्सन मैदानावरचं गवत कापत, चुन्याच्या रेघा ओढत, खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधत आणि सामना संपला की वर्तमानपत्रासाठी त्याचा वृत्तांतही लिहीत. पहिल्या हंगामात ३ सामने जिंकले, ५ हरले. दुसऱ्या वर्षी, १९४२ मध्ये, नऊच्या नऊ जिंकले आणि प्रतिस्पर्ध्यांना हंगामभरात एकही गुण मिळू दिला नाही.

नंतर युद्धामुळे दोन वर्षं कॉलेजचा संघच नव्हता. त्या काळात ते गावातल्या हायस्कूलच्या मुलांना शिकवत. कापूस वेचणीच्या दिवसांत खेळाडू सरावाला येईनासे झाले, कारण घरच्यांनी त्यांना शेतावर नेलं होतं. रॉबिन्सन उरलेला संघ घेऊन त्या शेतात गेले. सगळ्यांनी मिळून वेचणी उरकली आणि मुलं खेळायला मोकळी झाली. हा प्रसंग तू लिहिशीलच, लिहायलाच हवा. पण तो गोड करून सांगू नकोस. त्या बापांना मुलाच्या खेळापेक्षा कापूस महत्त्वाचा वाटत होता, कारण त्या कापसावर वर्षभराचं कर्ज फिटायचं होतं.

सँडविचचंही तसंच. संघ परगावी निघाला की रॉबिन्सन स्वतः सँडविच बांधून घेत. हे वाचून आपल्याकडच्या वाचकाला त्यांच्या वात्सल्याचं कौतुक वाटेल, आणि ते वात्सल्य खरंच होतं. पण सँडविच करावी लागत ती दक्षिणेतल्या रस्त्यावरच्या खाणावळींत या मुलांना कुणी बसू देत नव्हतं म्हणून. तू कौतुक लिही आणि त्याच वाक्यात कारणही लिही. ही सवय लेखभर ठेवलीस, तर मला अजून काही सांगायची गरज उरणार नाही.

खेळाचे नियम समजावण्यात पानं घालवू नकोस. अकरा विरुद्ध अकरा, लंबगोल चेंडू, तो हातात धरून पळायचा किंवा फेकायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत न्यायचा, म्हणजे टचडाउन, एवढं पुरे. एकच जागा मात्र नीट उलगडून सांग, ती क्वार्टरबॅकची. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. समोरच्यांची मांडणी वाचायची, क्षणात निर्णय घ्यायचा आणि बाकी दहा जणांनी त्याचं ऐकायचं. व्यावसायिक लीगमध्ये अनेक वर्षं असं धरून चालत की कृष्णवर्णीय खेळाडू धावेल, धडक देईल, पण डोकं चालवणं आणि हुकूम सोडणं त्याला जमणार नाही. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या कृष्णवर्णीय मुलाला व्यावसायिक संघ दुसऱ्या जागेवर टाकत. तुझ्या लेखाचा गाभा मला इथे दिसतो, आणि यासाठी तू हवी तेवढी जागा घे.

क्रम असा आहे. १९४९ मध्ये ग्रॅम्बलिंगचा पॉल 'टँक' यंगर लॉस अँजेलिस रॅम्समध्ये गेला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला तो पहिला खेळाडू. तू अपयशी ठरलास तर पुढच्याला दार कधी उघडेल सांगता येत नाही, अशी ताकीद रॉबिन्सन यांनी त्याला दिली होती. विचार कर, विशी नुकती ओलांडलेल्या पोराच्या खांद्यावर केवढा भार! यंगर टिकला. १९६३ मध्ये बक ब्यूकॅनन एएफएल या दुसऱ्या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सगळ्या देशात पहिला निवडला गेला. विली डेव्हिस, विली ब्राउन, चार्ली जॉइनर आणि ब्यूकॅनन असे या छोट्या कॉलेजचे चार खेळाडू पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. पण यांच्यात क्वार्टरबॅक एकही नाही.

ती फळी फोडायचं रॉबिन्सन यांनी जाणूनबुजून ठरवलं. जेम्स हॅरिस या उंच, ताकदवान मुलाला त्यांनी चार वर्षं त्याच जागेसाठी घडवलं. १९६९ मध्ये बफेलो बिल्सने त्याला घेतलं, तेही निवडीच्या आठव्या फेरीत. इतका चांगला खेळाडू इतका खाली कसा गेला, हे वाचकाला विचारायला लाव. त्याच वर्षी हंगामाच्या पहिल्याच सामन्यात तो सुरुवातीपासून क्वार्टरबॅक म्हणून उतरला. १९७४ मध्ये रॅम्सकडून खेळताना तो प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला आणि त्या सामन्यात सर्वोत्तम ठरला. हॅरिसचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. तू त्याला एका वाक्यात संपवलंस तर मला वाईट वाटेल.

हॅरिसनंतर डग विल्यम्स. १९७८ च्या निवडीत पहिल्या फेरीत टॅम्पा बेने त्याला घेतलं. पगारावरून वाद झाला, तो दुसऱ्या लीगमध्ये गेला, मग वॉशिंग्टनच्या संघाकडे राखीव खेळाडू म्हणून आला. ३१ जानेवारी १९८८, सॅन डिएगो, सुपर बोल. डेन्व्हर १० गुणांनी पुढे, विल्यम्सचा गुडघा पहिल्याच सत्रात दुखावलेला. दुसऱ्या सत्रात त्याने चार टचडाउन पास फेकले. वॉशिंग्टनने सामना ४२-१० असा जिंकला. त्याच्या नावावर ३४० यार्ड आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळणारा आणि तो जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. तू ज्या प्रसंगापासून सुरुवात करणार होतीस तो इथे येऊ दे. यंगरपासून मोजलं तर याला ३९ वर्षं लागली, हे तेव्हा वाचकाच्या आपोआप ध्यानात येईल.

आणखी एका माणसाला तुझ्या आराखड्यात जागा नव्हती, कोली निकल्सन. युद्धात मरीन कोअरचा वार्ताहर होता, परत आल्यावर ग्रॅम्बलिंगचा प्रसिद्धीप्रमुख झाला. गोऱ्यांची वर्तमानपत्रं या संघाची दखल घेत नव्हती, तेव्हा तो स्वतः बातम्या लिहून देशभरच्या कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांना पाठवत असे. मोठ्या शहरांत सामने नेण्यामागेही त्याचंच डोकं होतं. सप्टेंबर १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये ग्रॅम्बलिंग आणि मॉर्गन स्टेट हे कृष्णवर्णीयांचं दुसरं कॉलेज खेळले. ६०,००० हून अधिक लोक आले. ग्रॅम्बलिंग ९-७ असं हरलं. तरी तो दिवस घे. हरलेला सामनाही इतिहासात कसा मोठा ठरतो, ते त्यातून दिसतं. १९७६ मध्ये हेच दोन संघ टोकियोतही खेळले. आणि वाद्यवृंद विसरू नकोस. १९६७ च्या पहिल्या सुपर बोलच्या मध्यंतरात ग्रॅम्बलिंगचा बँड वाजला होता. संघातल्या एकाही माणसाला तोवर त्या मैदानावर चाली ठरवायचा अधिकार मिळाला नव्हता, पण त्यांचं संगीत मात्र तिथे बोलावलं गेलं.

आता अवघड भाग. १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मिश्र संघाने बर्मिंगहॅममध्ये येऊन अलाबामा विद्यापीठाच्या निव्वळ गोऱ्या संघाला ४२-२१ असं हरवलं. दक्षिणेतली मोठी सरकारी विद्यापीठं तोवर हळूहळू बदलू लागलीच होती. त्यानंतर त्यांच्या संघात कृष्णवर्णीय मुलं भराभर दिसू लागली. इथलं लुइझियाना स्टेट विद्यापीठसुद्धा त्याच सुमारास बदललं. हा न्याय होता आणि तो फार उशिरा झाला. पण जो मुलगा आधी ग्रॅम्बलिंगला आला असता, त्याच्यासमोर आता मोठी स्टेडियम, मोठी वसतिगृहं, दूरचित्रवाणी आणि पैसा होता. तो तिकडे गेला यात त्याचा दोष नाही. मात्र ज्या संस्थेने इतकी वर्षं गुणी मुलं घडवली, तिला त्या वर्षांची भरपाई कुणीच दिली नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि ते तू स्पष्ट लिहावंस असं वाटतं.

रॉबिन्सन यांची शेवटची वर्षंही लिही. १९८५ मध्ये त्यांनी ३२४ वा विजय मिळवून सर्वाधिक विजयांच्या विक्रमात प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांना मागे टाकलं, १९९५ मध्ये ४०० वा गाठला. पण त्यानंतरचे दोन हंगाम प्रत्येकी ३ विजय आणि ८ पराभवांचे होते. १९९७ मध्ये सदर्न विद्यापीठाविरुद्धच्या बायू क्लासिक या वार्षिक सामन्यात ३०-७ अशा पराभवाने त्यांची कारकीर्द संपली. २००७ मध्ये ते गेले. ४०८ या आकड्यावर लेख टांगू नकोस. २००३ मध्ये प्रशिक्षक जॉन गॅलियार्डी यांनी तो ओलांडला, पुढे आणखी एक प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्या विजयांवरून बराच वाद झाला. आकडे मोडले जातात. त्यांनी घडवलेले २०० हून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोचले, आणि वर्गाला जायला मुलं उठावीत म्हणून सकाळी वसतिगृहात घंटा वाजवत हिंडणारा हा माणूस व्यावसायिक न झालेल्यांच्याही लक्षात राहिला.

आणि २०१३ वगळू नकोस. तुला मोह होईल, कारण वरचं सगळं उजळ आहे. राज्य सरकारने निधी कापत नेला. खेळाडूंनी सुविधांमधल्या बुरशीबद्दल, खराब झालेल्या फरशीबद्दल, दूरच्या सामन्यांसाठीच्या लांबच लांब बस प्रवासांबद्दल तक्रारी केल्या. प्रशिक्षक असलेल्या डग विल्यम्सना हंगामाच्या सुरुवातीलाच काढलं होतं. ऑक्टोबरमध्ये खेळाडूंनी जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्याला जायला नकार दिला आणि सामना सोडून द्यावा लागला. त्या मुलांवर टीका झाली. मला ती मुलं याच इतिहासाची खरी वारस वाटतात. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, हाच संघ सेलिब्रेशन बोल जिंकून कृष्णवर्णीय कॉलेजांचा राष्ट्रीय विजेता ठरला.

आपला मराठी वाचक हे वाचताना साम्य शोधणारच. शोधू दे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, हा दुवा खरा आहे आणि तो एका परिच्छेदात जरूर दे. त्यापुढे जाऊन प्रत्येक प्रसंगाला आपल्याकडचा जोड लावत बसू नकोस. या लोकांचं दुःख आणि कर्तृत्व त्यांचंच राहू दे.

अंक पुढच्या दिवाळीचा आहे, म्हणजे मधला थँक्सगिव्हिंग तुझ्या हाताशी आहे. त्यानंतरच्या शनिवारी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये बायू क्लासिक असतो. तू ये, आपण दोघं जाऊ. आधी ग्रॅम्बलिंगमधलं एडी रॉबिन्सन संग्रहालय बघ, तिथल्या म्हाताऱ्यांशी निवांत बोल. मग लिही. आणि लेख पूर्ण झाला की संपादकांना पाठवण्याआधी त्याचा इंग्रजीतला मजकूर त्या म्हाताऱ्यांपैकी एखाद्याला वाचून दाखव.

तुझा,
मामा