दोन स्कॅनमधला काळ

फुप्फुसाच्या आत वेदना नसते. गाठ वाढत असते आणि माणूस जिने चढत असतो. ती आवरणाला भिडते तेव्हा दुखू लागते. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. माणसांचा दुखण्यावर फार विश्वास. जे दुखत नाही ते नाहीच, असे धरून आयुष्ये चालतात.

म्हणून फुप्फुसाच्या कर्करोगात पाहणे दुखण्याच्या आधी यावे लागते. १९७१ च्या ऑक्टोबरात विम्बल्डनमधल्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेद दाखवले. त्यांच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे हजार. निरोगी फुप्फुस बरेचसे हवाच असते. त्यामुळे काही मिलिमीटरचा भरीव ठिपकाही त्यात उठून दिसतो. आज एक श्वास रोखून धरला तेवढ्यात छातीचे शेकडो छेद हाती येतात. साधन वाढले की कष्ट कमी होतील असे वाटते. इथे ते वाढले. प्रत्येक छेदापुढे कोणीतरी बसलेच पाहिजे.

बसणारे डोळेही एकसारखे नसतात. अमेरिकेत १,०१८ स्कॅनचा एक संग्रह तयार झाला. प्रत्येक स्कॅन चार रेडिओलॉजिस्टांनी पाहिला. आधी एकेकट्याने, मग इतर तिघांच्या खुणा समोर ठेवून. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ, अशी किमान एकाने नोंदवलेली ठिकाणे निघाली २,६६९. चौघांचेही एकमत झाले ते ९२८ ठिकाणी. या संग्रहावर पुढे अनेक यंत्रे शिकली. मतभेद पुसले गेले नाहीत, हे त्या कामाचे मोठेपण. जाणकारांना एकमताची सक्ती झाली की शंका मरते आणि चूक तशीच राहते.

२०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गाठी शोधायला सांगितलेल्या २४ रेडिओलॉजिस्टांच्या स्कॅनमध्ये गोरिलाचे चित्र घातले होते, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे. वीस जणांना ते दिसले नाही. त्यांना हसण्याचे कारण नाही. शोधायला बसलेला माणूस बाकीचे न पाहण्याचे आधीच कबूल करून बसतो. गाठ शोधायला शिकवलेले यंत्रही तेवढेच कबूल करते.

एका स्कॅनमध्ये ठिपका असतो; रोग असतोच असे नाही. आठ मिलिमीटरची गाठ दहाची झाली, तर नजर म्हणते, जवळपास तेवढीच आहे. आकारमान मात्र जवळजवळ दुप्पट झालेले असते. डोळा रुंदी पाहतो, गाठ चहूकडे वाढते. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या मोठ्या चाचणीत म्हणूनच संगणकाने आकारमान मोजले. ते चारशे दिवसांच्या आत दुप्पट झाले तर संशय धरायचा. यंत्राची खरी ताकद मला इथे दिसते. सावकाश होणारा बदल माणसाला कळत नाही. स्वतःच्या घरातलाही कळत नाही.

तुलनेला मात्र दोन चित्रे लागतात. आपल्याकडे जुने चित्र रुग्णालयात असेलच असे नाही. ते रुग्णाच्या घरी असते, कपाटावर, पिशवीत. घर बदलताना जाते, पावसाने चिकटून जाते. जुना एक्स-रे आहे का, हा प्रश्न ऐकून घरातली माणसे एकमेकांकडे पाहतात. बरा झालेला माणूस आजाराचे पुरावे जपत नाही. त्याला ते विसरायचे असतात. आणि कधी त्याच फिल्मवर दिसले असते की हा डाग दहा वर्षांपूर्वीच्या क्षयाचा, तेव्हापासून तसाच आहे. बायोप्सीची सुई टळली असती.

क्षयाची खूण आणि कर्करोगाची गाठ चित्रात पुष्कळदा सारखीच दिसते. पेट स्कॅनही दोहोंत फसतो. त्यासाठी दिलेली साखर दोन्ही शोषतात आणि दोन्ही उजळतात. क्षयाच्या देशात खोकल्याला आधी क्षयाची औषधे मिळतात. यात दोष काढणे सोपे आहे. बहुतेक वेळा ते उत्तर बरोबरही असते. पण नेहमीचे उत्तर हाताशी असले की प्रश्न पूर्ण ऐकला जात नाही. ज्यांचा प्रश्न वेगळा होता त्यांचे महिने त्यात जातात. ते परत मिळत नाहीत.

अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ५३,४५४ माणसे होती. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. त्याच चाचणीत स्कॅनमध्ये संशय निघालेल्या दर शंभरांत ९६ वेळा कर्करोग नव्हता. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला समाजाच्या वाट्याला येतो, दुसरा घराच्या.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, असे सांगितले जाते. वैद्यकाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असते. त्या तीन महिन्यांत घरात कोणी मोकळेपणाने खोकत नाही. लग्नाच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, किंवा घाईने अलीकडे आणल्या जातात. त्यामागचे कारण कोणीच बोलून दाखवत नाही. रात्री दिवा कोणाच्या खोलीत जळतो आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. या काळाची नोंद कोणत्याही रिपोर्टमध्ये नसते. मोजण्याजोग्या गोष्टींनाच महत्त्व देण्याची सवय लागली की असा काळ कोणी धरीत नाही. तो फक्त भोगला जातो.

२०२३ साली एमआयटी आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी ‘सिबिल’ नावाची प्रणाली प्रसिद्ध केली. एका स्कॅनवरून ती पुढच्या सहा वर्षांतल्या धोक्याचा अंदाज देते, डोळ्याला गाठ दिसत नसतानाही. हे काम मोठे आहे. अशा अंदाजाने काही माणसे वेळेवर पोचतील, आणि त्यासाठी ते हवेच. पण न आलेल्या आजाराचा आकडा कोणाला तरी तोंडाने सांगावा लागेल. ऐकणाऱ्याचा चेहरा बदलेल, तेव्हा सांगणारा समोर बसलेला असेल. आकडा काढणे आणि आकडा सांगणे ही दोन कामे आहेत. दुसरे पहिल्याइतके शिकवले जात नाही.

ही प्रणाली शिकली ती त्याच अमेरिकन चाचणीच्या स्कॅनवर. ती माणसे ५५ ते ७४ वर्षांची, वर्षानुवर्षे सिगारेट ओढलेली, बहुतेक गोरी. चुलीपुढे आयुष्य गेलेली, विडी कधी न ओढलेली बाई त्यांत नाही. लाकडाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था बहुधा कर्करोगकारक मानते. मोजणी सुरू झाली तेव्हा जो नव्हता, तो उत्तरातही नसतो. त्या बाईला धोका कमी आहे असे यंत्राने म्हटले, तर ते कोणाच्या छातीवरून, हे विचारणारा डॉक्टर तिथे हवा.

क्षयाच्या तपासणीत एक्स-रे वाचायला संगणक वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. त्याच एक्स-रेत कधी गाठही सापडेल. तालुक्याच्या गावी ठिपका सापडला, पुढे काय? सीटी जिल्ह्याला. बायोप्सी त्याहून लांब. मग मुंबईत परळचे टाटा रुग्णालय, राहण्याची सोय, बुडालेली मजुरी. यातल्या प्रत्येक टप्प्यावर माणूस गळतो. त्याला निष्काळजी म्हटले जाते. वाट संपवणाऱ्यांनी वाटसरूला दोष देणे फार जुने आहे.

यंत्रासाठी पैसा उभा राहतो, कारण यंत्र दाखवता येते. पुन्हा बोलावणारा, तारीख चुकली तर घरी निरोप धाडणारा, जुनी फिल्म सांभाळून ठेवणारा माणूस दाखवता येत नाही. टाटा रुग्णालयाने रुग्णांना हाताशी धरून नेणाऱ्यांचे प्रशिक्षण सुरू केले, ‘केवट’ या नावाने. तसा एक माणूस, पगारावर, प्रत्येक तालुक्यात लागेल. यंत्र येण्याच्या आधी नेमला तर अधिक बरे.