पाणी किती घालावे?

आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच कुटुंबांकडे आज वाडी राहिलेली नाही. पण बाल्कनी आहे. माणसे वाडीतून इमारतीत राहायला गेली तरी मातीची ओढ सुटत नाही. पावसाळा सरला की बाल्कनीत कुंड्या दिसू लागतात आणि त्यांत एखादे तरी टोमॅटोचे रोप असतेच. टोमॅटो बाजारात मिळतात, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याला एक उत्तर असे, की जिवंत गोष्टीची काळजी कशी घ्यावी हे एक लहानसे रोप आपल्याला शिकवते. आणि त्यातून उभा राहणारा प्रश्न केवळ बागकामाचा नाही. तो असा: प्रेम जास्त होऊ शकते का?

टोमॅटोच्या गरजा तशा थोड्या आहेत. तळाला भोके असलेली, साधारण १५ लिटर माती मावेल एवढी कुंडी, भुसभुशीत माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, रोज ६ ते ८ तास ऊन आणि आधाराला काठी. रोप जरा खोल लावावे, कारण मातीखाली गेलेल्या खोडालाही मुळे फुटतात. एवढे सगळे करूनही पुष्कळ रोपे मरतात, आणि त्यांतली कितीतरी तहानेने नव्हे, तर पाण्याने मरतात.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. कुंडीत सतत पाणी साचले की मातीतली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने पिवळी पडतात, रोप मान टाकते. गोम इथेच आहे. तहानलेले रोपही असेच मान टाकते. मालकाला वाटते, बिचाऱ्याला पाणी कमी पडले. तो आणखी तांब्याभर पाणी ओततो. ज्या मायेने तो ओततो ती खरी असते. पण त्या मायेनेच रोप मरते.

आपल्या शेतकरी आजी-आजोबांकडे यासाठी एक सुंदर शब्द होता: वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, अशी ती स्थिती. वाफसा आल्याशिवाय जाणता शेतकरी पेरणीला हात घालत नसे. माझ्या मते नात्यांनाही वाफसा लागतो.

आपल्याच घरांकडे पाहू या. मुलाची वही आई पूर्ण करते, त्याचे भांडण बाबा मिटवतात, तो पडण्याआधीच त्याला उचलले जाते. पुढे तरुणपणी लहानशा अपयशाने तो कोलमडतो, तेव्हा आपण म्हणतो, 'याला आपण काही कमी पडू दिले नाही, तरी असे का?' कदाचित काही कमी पडू दिले नाही, म्हणूनच. म्हाताऱ्या वडिलांच्या बाबतीतही तसेच घडते. 'तुम्ही नुसते बसा' असे म्हणून आपण त्यांच्या हातून पिशवी घेतो, बाजार घेतो, हिशेब घेतो. आपल्याला सेवा केल्याचे समाधान मिळते. त्यांच्याकडे मात्र खुर्ची आणि खिडकी एवढेच उरते.

संत थॉमस अक्वायनस यांनी अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगितले, की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. दुसऱ्याचे भले! म्हणजे माझ्या मनाची शांती नव्हे, माझी हौस नव्हे, मी किती करतो हे लोकांना दिसणेही नव्हे. या व्याख्येने पाहिले तर प्रेम कधीच जास्त होत नाही; जास्त होते ते पाणी. म्हणून पाणी घालताना स्वतःला विचारावे: याने बरे कोणाला वाटणार आहे, रोपाला की मला?

मात्र इथे एक धोका आहे. हेच बोलणे आळशी आणि कंजूस माणूस स्वतःच्या सोयीसाठी वापरील. 'पोरांना स्वावलंबी होऊ दे' म्हणत तो त्यांच्याकडे बघणारही नाही. 'मदतीने गरीब लाचार होतात' म्हणत दारी आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवील. पण कोरडी कुंडीही रोप मारतेच. आणि चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी पूर आणला, तर टोमॅटोचा बूड काळा पडतो. मातीत कॅल्शियम असूनही पाण्याचा नेम चुकल्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. महिनोन् महिने घरात लक्ष न देता वाढदिवसाला महागडी भेट आणणाऱ्या पालकाने हे ध्यानात घ्यावे.

मग किती घालावे? बागकाम करणाऱ्याचे उत्तर साधे आहे: आधी मातीत बोट घाल. दोन पेरे आत कोरडे लागले तर पाणी दे, ओले लागले तर थांब. प्रभू येशूही असेच करीत असे. बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. तरीही प्रभूने त्याला विचारले, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे (मार्क १०). बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसालाही आधी त्याची इच्छा विचारली (योहान ५). ज्याला सर्व ठाऊक होते तो विचारतो, आणि आपण न विचारताच ओतत सुटतो.

यशया संदेष्ट्याच्या २८ व्या अध्यायात एक शेतकरी भेटतो. तो सदासर्वकाळ नांगरत बसत नाही. प्रत्येक बियाणे त्याच्या जागी पेरतो. जिऱ्यावर गाडीचे चाक न फिरवता ते काठीने झोडतो. हे शहाणपण त्याला देवाने शिकवले, असे संदेष्टा म्हणतो. किती घालावे हे कळणे हीसुद्धा देवाची देणगी आहे. ती मागावी लागते. उधळ्या पुत्राच्या पित्याने मुलाला अडवले नाही, पण वाटेवरची नजरही काढली नाही. हात मागे घेणे आणि पाठ फिरवणे यांतला फरक त्याच्याकडून शिकावा.

या आठवड्यात आपल्या घरातल्या एका माणसाला, लहान असो वा वृद्ध, आपण एवढेच विचारू या: 'मी तुझ्यासाठी जे करतो, त्यातले तुला खरेच काय हवे आहे?' उत्तर ऐकायला थोडे धैर्य लागेल. ते धैर्य, आणि ऐकल्यावर देण्याचे किंवा थांबण्याचे शहाणपण, प्रभू आपणा सर्वांना देवो.