आधी पाणी मागावे

परदेशी जाऊन एखादी भाषा आत्मसात करावी आणि त्याच मुक्कामात ख्रिस्ताच्या नावाने थोडी सेवाही करावी, असा बेत अलीकडे आपल्या तरुणांच्या बोलण्यात येऊ लागला आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील आपली माणसे पूर्वीपासून परमुलखी गेली. कोणी बोटीवर गेला, कोणी आखातात. ती पोटासाठी गेली आणि पोटासाठी जातो असेच सांगून गेली. आताचा बेत निराळा आहे. मेक्सिको, ग्वातेमाला, पेरू किंवा बोलिव्हिया यांपैकी एखाद्या देशात काही आठवडे राहायचे. सकाळी स्पॅनिशचा वर्ग, दुपारी एखाद्या धर्मग्रामाच्या अन्नछत्रात किंवा बालकाश्रमात काम. भाषा पुढे नोकरीस उपयोगी पडते आणि सेवेचे पुण्य पदरी पडते. एका दगडात दोन पक्षी! ही म्हण आपण सहज वापरतो. परंतु या व्यवहारात दगड कोण आणि पक्षी कोण, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

स्वार्थ आणि परमार्थ एकत्र आले म्हणून कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही, हे आधीच सांगून टाकतो. निर्भेळ हेतूने सेवा करणारा माणूस शोधू गेल्यास देऊळवाडे आणि चर्चे दोन्ही ओस पडतील. परिचारिकेला पगार मिळतो, शिक्षकाला मिळतो. त्यामुळे त्यांची सेवा खोटी ठरत नाही. खरी अडचण लाभाची नसून हिशेबाची आहे. जो तरुण स्पॅनिश शिकावयास जातो, त्याला ती शिकवते कोण? वर्गातील बाई थोडीफार शिकवतात. उरलेली भाषा त्याला मिळते ती बाजारातल्या भाजीवालीकडून, यजमानघरच्या आजीकडून, त्याच्या तोडक्यामोडक्या वाक्यांना हसणाऱ्या मुलांकडून. म्हणजे ज्यांची सेवा करावयास आपण आलो असे तो समजतो, तीच माणसे अहोरात्र त्याची सेवा करीत असतात. आणि घरी परतल्यावर जमाखर्च मांडला जातो तो मात्र उलटा : आम्ही त्यांच्यासाठी अमुक केले, तमुक केले!

योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय या संदर्भात फार बोलका आहे. प्रभू येशू शोमरोनी स्त्रीला भेटतो तेव्हा तो थकलेला आहे, तहानलेला आहे, आणि त्याच्याजवळ पोहरा नाही. जिवंत पाण्याची गोष्ट पुढे येते; संवादाचा आरंभ त्याने पाणी मागून केला आहे. ज्या समाजाशी यहुदी लोक व्यवहार ठेवीत नसत, त्या समाजातील स्त्रीपुढे त्याने हात पसरला. परकी भाषा शिकणारा मनुष्य नेमका याच जागी उभा असतो. घरी तो पदवीधर असेल. तिथे त्याला मीठ कसे मागावे हे कळत नाही. ही लाचारी अपमानाची आहे की कृपेची, या एका प्रश्नावर पुढचे सारे अवलंबून आहे असे मला वाटते.

या बेताला सर्वांत कडवा विरोध एका धर्मगुरूनेच केला. १९६१ सालच्या सुमारास रोमने उत्तर अमेरिकेतील व्रतस्थ संघांना आपल्या मनुष्यबळाचा दहावा हिस्सा लॅटिन अमेरिकेस पाठविण्याचे आवाहन केले होते. त्याच वर्षी मूळचे व्हिएन्नाचे फादर इव्हान इलिच यांनी मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे एक केंद्र उघडले. येणाऱ्या मिशनऱ्यांना तिथे कसून स्पॅनिश शिकविले जाई आणि त्याबरोबरच त्यांच्या येण्यामागील गृहीतकांचीही तितकीच कसून तपासणी होई. १९६८ साली, मेक्सिकोत उन्हाळी सेवेसाठी जाऊ पाहणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी काही भीड ठेवली नाही. पाहावयास या, शिकावयास या, आमच्या डोंगरांचा आनंद घ्या. पण मदत करावयास म्हणून येऊ नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, त्यांना तुमच्याविषयी काय वाटते हेदेखील तुम्हाला कळणार नाही, हा त्यातील सर्वांत झोंबणारा मुद्दा. गंमत अशी की, हे सांगणारे गृहस्थ स्वतः भाषाशाळा चालवीत होते! भाषा शिकण्यास त्यांचा विरोध नव्हताच. शिकण्याला सेवेचा मुलामा देण्यास होता.

इलिच यांचे म्हणणे मला निम्मे पटते. ते पूर्ण का पटत नाही, हे सांगण्यासाठी आपल्याच किनाऱ्याकडे वळावे लागेल.

संत फ्रान्सिस झेवियर नवाराचे, मातृभाषेने बास्क. १५४२ साली ते गोव्यात उतरले आणि लवकरच दक्षिणेकडे मोत्यांच्या किनाऱ्यावर गेले. दुभाष्यांकरवी त्यांनी प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या आणि पाठ केल्या. दुभाषा जवळ नसता मला त्यांचे कळत नाही आणि त्यांना माझे, असे त्यांनी पत्रात प्रांजळपणे कळविले आहे. संताला घाई होती. भाषेला घाई चालत नाही. एवढ्या थोर पुरुषालाही जिथे ही उणीव जाणवली, तिथे सहा आठवड्यांत सुवार्ता आणि व्याकरण दोन्ही उरकू पाहणाऱ्याने थोडे थांबावे.

फादर थॉमस स्टीफन्स यांची गोष्ट वेगळी. हे इंग्रज जेझुइट ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले आणि १६१९ साली तिथेच निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले ते १६१६ साली. मधली सदतीस वर्षे वाचकांनी लक्षात घ्यावीत. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. आणि त्याच माणसाने लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली प्रसिद्ध झाले. आपण या ग्रंथाचा अभिमान बाळगतो, परंतु त्यामागची कठोर परिस्थिती सांगावयाचे टाळतो. साष्टीतील देवळे त्या आधीच पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीत लोकक्षोभात पाच जेझुइट मारले गेले. ते स्टीफन्स यांचे सहकारी होते. त्यांच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती, हे नाकारता येत नाही. तरीही तोफेच्या बळावर ओवी रचता येत नाही. ओवीचे वळण, पुराणकथनाची रीत, मराठीचे लाघव हे सारे त्यांना याच मातीतल्या माणसांकडून घ्यावे लागले. पुराणाच्या प्रास्ताविकातच एका श्रोत्याने उठून अशा ग्रंथाची मागणी केल्याचा प्रसंग येतो. लोकांनी मागितले आणि लोकांच्याच शब्दांत मिळाले. राज्यकर्त्यांच्या गोटातला माणूस भाषेपुरता तरी प्रजेचा शिष्य झाला होता.

शिष्यत्व सुटले की काय होते, तेही इतिहासाने याच भूमीत दाखवून दिले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने फर्मान काढले : लोकांनी आपली बोली सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या पाहुण्याने पूर्वी शब्दांची भीक मागितली होती, तोच आता यजमानाला जीभ बदलावयास सांगत होता. आपले पूर्वज उत्तरेकडे सावंतांच्या मुलखात आले त्याची कारणे अनेक होती. बोली मात्र ते उराशी धरूनच आले.

नेमक्या याच दशकात एक कोंकणी धर्मगुरू उलट दिशेने निघाला होता. संत जोसेफ वाझ. जन्म १६५१, बाणावली. १६८७ साली ते डच अमलाखालील सिलोनात शिरले ते मजुराच्या वेशात. तमिळ त्यांनी शिकून घेतली. पुढे कँडीच्या राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना बंदीत टाकले आणि त्या बंदिवासात ते सिंहली शिकले. भाषाशिक्षणासाठी याहून गैरसोयीची शाळा कोणाच्या वाट्यास येऊ नये! त्यांच्यामागे तोफा नव्हत्या, पैसा नव्हता, राजाश्रय नव्हता. १६९७ साली कँडीत देवीची साथ पसरली, घाबरलेली माणसे आप्तांना टाकून पळू लागली, तेव्हा वाझ यांनी त्या रोग्यांची शुश्रूषा केली. सेवा आली ती दहा वर्षांनी, आणि तोपर्यंत आजाऱ्याचे कण्हणे त्यांना त्याच्याच भाषेत कळू लागले होते. त्यांच्यामागून गेलेले गोमंतकीय फादर जाकोम गोन्साल्विस यांनी तर सिंहली आणि तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे वाझ यांना संतपद बहाल केले.

आपल्या काळातले उदाहरण हवे असल्यास शेजारच्या गुजरातेत पाहावे. फादर कार्लोस व्हालेस हे स्पेनमधून १९४९ साली भारतात आले. मातृभाषा स्पॅनिश, व्यवसाय गणिताच्या अध्यापनाचा. पुढे ते गुजरातीचे मान्यवर निबंधकार झाले आणि १९७८ साली त्यांना रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाला. मला त्या पदकापेक्षा त्यांचा दुसरा एक उपक्रम मोलाचा वाटतो. महाविद्यालयाचे निवासस्थान सोडून ते सुमारे दहा वर्षे अहमदाबादच्या साध्या घरांतून पाहुणा म्हणून राहिले. या घरी काही दिवस, मग त्या घरी. घरचे जे खातील ते खावे, जिथे झोपतील तिथे झोपावे. सत्तर शिष्यांना पाठविताना प्रभूने थैली घेऊ नका, पुढे ठेवलेले खा असे बजावले होते, त्याचा अर्थ मला हे वाचून पहिल्यांदा नीट उमगला.

तेव्हा इलिच यांना माझे उत्तर असे : शिकणारा आधी शिष्य म्हणून गेला आणि पुरेसा राहिला, तर सेवेचा अधिकार त्याला तिथली माणसे स्वतःहून देतात. तो अधिकार विमानाच्या तिकिटाबरोबर मिळत नाही.

आणखी एक गुंता आहे. स्पॅनिश ही तिथेही एकेकाळी जेत्यांचीच भाषा. बोलिव्हियातील कोचाबाम्बा येथे मेरीनॉल संघाने १९६५ साली भाषासंस्था सुरू केली, तेव्हा तिथे स्पॅनिशबरोबर केचुआ आणि आयमारा यांचेही शिक्षण दिले जाऊ लागले, ते उगीच नव्हे. डोंगरातल्या म्हातारीचे दुखणे केचुआत असते. आपल्याला हे समजावयास हवे. पुस्तकी मराठी घेऊन मालवणच्या मासळीबाजारात उतरलेल्या माणसाला अर्धे बोलणे कळते. गजालीतली मेख, थट्टेमागची व्यथा कळत नाही. आपल्या गावांत बाहेरून आलेल्या ज्या धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी खळ्यात बसून मालवणी शिकून घेतली, त्यांच्याजवळ लोकांनी मन मोकळे केले. जी मुलगी पेरूला जाऊ इच्छिते, तिने शेजारच्या कातकरी पाड्यावर कोणती बोली बोलतात ते ऐकले आहे काय, असा प्रश्न तिला विचारणे अगदीच गैरलागू नाही. त्याचे उत्तर नकारार्थी आले म्हणून तिने जाऊ नये असे मात्र नव्हे. दूरच्या विहिरीवर तहान कळलेला माणूस घरच्या विहिरीकडे नव्या नजरेने पाहू शकतो.

राहता राहिली पैशाची गोष्ट. आपल्याकडे सेवेच्या चर्चेत ती शेवटी आणि हळू आवाजात काढतात. देवगडच्या एखाद्या शाळेची भिंत रंगवावयास परदेशी पाहुणे आले आणि गावचा रंगारी कट्ट्यावर बसून पाहत राहिला, तर आपल्याला कसे वाटेल? ग्वातेमालातला रंगारीही माणूसच आहे. म्हणून ज्याला भाषा हवी आहे त्याने शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे पूर्ण वेतन द्यावे, यजमानघरी राहण्याजेवणाचे पैसे चोख मोजावेत, आणि धर्मग्रामाने वर्गणी गोळा करून दिली असल्यास त्यातील किती रक्कम शिक्षणावर गेली हे परतल्यावर मिस्सानंतर सरळ वाचून दाखवावे. अन्नछत्रात भांडी घासावयाची असतील तर घासावीत. तिथे बोलावयास माणसे भेटतात, आणि क्रियापदे चुकली तरी भांडी घासून होतात.