डीएनएचं वजन आणि गाठीचा निकाल

‘डीएनए तपासला, कॅन्सर नाही.’ मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ काढलेल्या माणसाच्या घरी हे वाक्य हल्ली अंतिम निकाल म्हणून पोचतं. रिपोर्टवर ‘डिप्लॉइड’ किंवा ‘म्युटेशन आढळलं नाही’ एवढं दिसलं की घरचे निर्धास्त होतात आणि पुढच्या तारखा सुटतात. भिवंडीत त्या सुटायला वेळ लागत नाही. यंत्रमागावर बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. परळला टाटा किंवा केईएम रुग्णालय गाठायचं तर आधी ठाणं किंवा कल्याण, मग लोकल. दिवसाची कमाई बुडालीच. अशा माणसाला एका आकड्याच्या भरवशावर ‘आता यायची गरज नाही’ सांगणं धोक्याचं आहे. हा भरवसा मुळात एक जुना प्रयोग चुकीचा वाचल्यामुळे आला आहे.

त्या प्रयोगाआधीची वाट अशी. जीवशास्त्रज्ञ बोवेरीने 1914 मध्ये गुणसूत्रांच्या बिघडलेल्या हिशेबातून कॅन्सर उपजतो असं मांडलं. फॉयल्गेनने 1924 मध्ये डीएनए रंगवायची रीत दिली, कॅस्परसनने पेशीतला ऐवज प्रकाशाने मोजला, साठच्या दशकाअखेर फ्लो सायटोमीटर आला. इथवर वाद नाही.

वाद आहे 1983 चा. डेव्हिड हेडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅराफिनच्या जुन्या ब्लॉकमधून डीएनए मोजून दाखवला. मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्याचा जाडसर काप घ्यायचा, झायलीनने मेण काढायचं, पेप्सिनने ऊती पचवून केंद्रकं सुटी करायची, चमकणारा रंग लावून ती एकामागोमाग एक प्रकाशासमोरून सोडायची. निरोगी पेशींचा उंचवटा एका जागी येतो; गाठीचा तिथेच आला तर डिप्लॉइड, सरकला तर अ‍ॅन्युप्लॉइड.

बहुतेक जण याला तंत्राची सोय समजतात: ताजा तुकडा नको, कपाटातला चालतो. खरा बदल त्याहून मोठा होता. कपाटातल्या ब्लॉकचा माणूस पुढे जगला की गाठ यकृतात-फुप्फुसात पसरून गेला, हे तोवर कळलेलं होतं. म्हणजे आलेखाची परीक्षा त्या माणसाच्या पुढच्या आयुष्याशी ताडून घेता येऊ लागली.

या परीक्षेत अ‍ॅड्रिनलच्या गाठींनी दाद दिली नाही. कॉर्टेक्सच्या, म्हणजे ग्रंथीच्या बाहेरच्या थराच्या, कॅन्सरमध्ये अ‍ॅन्युप्लॉइडी पुष्कळ सापडली. पण काही साध्या गाठींतही सापडली, आणि काही कॅन्सर डिप्लॉइड निघाले. ग्रंथीच्या गाभ्यातून उपजणाऱ्या, रक्तदाब उसळवणाऱ्या फिओक्रोमोसायटोमात तर कधीही न पसरलेल्या गाठींचेही आलेख सरकलेले दिसले. यंत्र चुकत नव्हतं. ते पेशीतल्या डीएनएचं एकूण माप सांगत होतं, आणि त्याला विचारलं जात होतं गाठीच्या वागण्याबद्दल. ताग्याचं वजन करून विणीतला तुटका धागा दिसत नाही.

त्याच सुमारास, 1984 मध्ये, लॉरेन्स वाइस यांनी पसरलेल्या आणि न पसरलेल्या मिळून 43 कॉर्टेक्सच्या गाठी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवल्या. पेशीविभाजन किती, मेलेला भाग आहे का, गाठ आवरणात किंवा शिरेत घुसली का, अशा नऊ खुणा त्यांनी वेचल्या; त्यातल्या तीन किंवा जास्त असल्या तर कॅन्सर धरायचा, हे पुढे रूढ झालं. कसोटी तीच होती: माणसाचं पुढे काय झालं. म्हणून वाइस जिंकले आणि डीएनए हरला, हे वाचन उथळ आहे. कॅन्सरच्या जीनोमचा नकाशा काढणाऱ्या टीसीजीए प्रकल्पाच्या 2016 च्या अभ्यासात कॉर्टेक्सच्या कॅन्सरमध्ये अख्खा जीनोम दुप्पट होणं हे आजार आक्रमक असण्याशी जोडलेलं दिसलं. मोजमाप परत आलं ते कॅन्सर ठरलेल्या रुग्णाचं पुढचं सांगायला. साधी गाठ वेगळी काढून रुग्णाला मोकळं करणं हे त्याचं काम नव्हतं.

फिओक्रोमोसायटोमाबाबत जागतिक आरोग्य संघटनेने 2017 च्या वर्गीकरणात आणखी पुढचं पाऊल टाकलं. प्रत्येक फिओक्रोमोसायटोमा पसरू शकतो असं धरायचं. जो पसरला तो ‘मेटास्टॅटिक’. युरोपीय तज्ज्ञांची 2016 ची शिफारस आहे की शस्त्रक्रियेनंतर किमान 10 वर्षं दरसाल तपासणी व्हावी, आणि वय लहान, गाठ मोठी किंवा आजार आनुवंशिक असेल तर जन्मभर.

या तपासणीतला बराच भाग भिवंडीतच होऊ शकतो. रक्तदाब कुठल्याही दवाखान्यात मोजता येतो. या गाठीची खूण असलेलं मेटानेफ्रिन मोजण्यासाठी 24 तासांची लघवी घरी साठवून लॅबमार्फत मुंबईला धाडता येते. परळची फेरी मग आकडा वाढला किंवा स्कॅन लागलं तरच. ‘डिप्लॉइड’च्या खाली पुढच्या तपासणीचा महिना आणि वर्ष मराठीत, हिंदीत आणि उर्दूत लिहून द्यायला डॉक्टरांना दोन मिनिटं पुरतात.