बिल थांबवण्याचा अधिकार

२०२५ साली महाराष्ट्रातले सरकारी कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरले. थकबाकी हजारो कोटींची होती आणि तिच्यात जलजीवन मिशनच्या नळयोजनांचा वाटा मोठा होता. त्या निमित्ताने एक मत फार ठामपणे मांडले गेले. गावातली कामे रखडतात ती पैसा वेळेवर येत नाही म्हणून. ग्रामसभा, समित्या, लोकवर्गणी यांत नुसता वेळ जातो. मोठी टेंडरे काढा, दमदार कंत्राटदार नेमा, बिले वेळच्या वेळी द्या, कामे आपोआप पुरी होतील. हे मत अधिकाऱ्यांना पटते, लोकप्रतिनिधींना सोयीचे जाते आणि नळाची वाट पाहून थकलेल्या गावकऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. म्हणूनच त्याचा समाचार घ्यायला हवा.

केलेल्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत, यावर वाद नाही. वाद आहे तो काम झाले की नाही हे कोणी ठरवायचे, यावर. गल्लीत चर खणला जातो तेव्हा तो किती खोल गेला, पाइप खडकावरच टाकून वर माती लोटली का, हे दारात उभ्या असलेल्या बाईने पाहिलेले असते. पुढे अभियंता येतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो, बिल तालुक्याहून जिल्ह्याला जाते. या साखळीत त्या बाईची सही कुठेच लागत नाही. वर्षभराने पाइप फुटला की पाणी तिच्याच घरचे बंद होते.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले. महाराष्ट्रात त्याचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. मार्गदर्शक सूचनांत गावाच्या पाणीपुरवठा समितीला मानाचे स्थान आहे, समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे आणि गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी ठेवली आहे. डोंगराळ, वनक्षेत्रातल्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बहुसंख्येच्या गावांना ती ५ टक्के आहे. कागदावर उणीव नाही. पण बहुतेक ठिकाणी निविदा निघते जिल्हा परिषदेच्या किंवा जीवन प्राधिकरणाच्या पातळीवर आणि बिलही तिथेच निघते. गावाकडे उरतो तो ठराव.

याच राज्यात याआधी वेगळे करून पाहिलेले आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून २००३ ते २००९ या काळात राबवलेल्या जलस्वराज्य प्रकल्पात गावाने आधी मागणी करायची, ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची, वर्गणी जमवायची आणि मग हप्त्याहप्त्याने पैसा थेट गावाच्या समितीच्या खात्यात यायचा, अशी रीत होती. अडचणी तिथेही आल्या. पण खर्चाचे पासबुक गावात होते, आणि ते कोणाकडे आहे हे गावाला माहीत होते.

इथे विलासराव साळुंखे यांची आठवण विस्ताराने काढावी लागते, कारण विकासकामांच्या पैशाचा इतका मुळापासून विचार करणारे महाराष्ट्रात फार थोडे झाले. साळुंखे पुण्यातले अभियंता, उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून पोट भरणारी माणसे त्यांनी पाहिली आणि एवढ्या श्रमांतून गावासाठी टिकाऊ काही उभे राहत नाही, हे त्यांना सलत राहिले. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची ४० एकर माळरान जमीन त्यांनी कराराने घेतली, पाणी अडवले, विहीर खणली, पाणी वर उचलून शेतीला दिले. त्यातून ग्राम गौरव प्रतिष्ठान आणि पाणी पंचायत उभी राहिली.

पाणी पंचायतीचे नियम आजही वाचणाऱ्याला थांबवतात. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मोजणीने: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि या वाटपाला जोडून पैशाची मांडणी होती. योजनेच्या खर्चातले ५० टक्के शासनाचे अनुदान, ३० टक्के प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज, २० टक्के लाभधारकांचे स्वतःचे. पैसे भरणारा माणूस भागीदार होता. त्याला किती पाणी मिळणार आणि त्याच्या शेजाऱ्याला किती, हे पैसे भरण्याआधी ठरलेले होते.

लोकवर्गणीच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण हटकून देतात. लोकांनी पदरचे पैसे घातले की त्यांना योजना आपली वाटते, असा त्यांचा युक्तिवाद असतो. इथपर्यंत हा लेखही त्याच वाटेने आला. पण या युक्तिवादावर एक आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पुण्या-मुंबईतल्या माणसाच्या घरी नळ येतो तेव्हा धरणाच्या आणि जलवाहिनीच्या भांडवलातला दहावा हिस्सा आधी भरा, असे त्याला कोणी सांगत नाही. मग कोरडवाहू शेतकऱ्याने आणि ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबाने आपलेपणा सिद्ध करण्यासाठी पैसे का भरायचे? ज्याच्याकडे रोकड नाही तो वर्गणी भरत नाही, आणि वर्गणी न भरणाऱ्याचा आवाज समितीत पडतो. कित्येक गावांत वर्गणीची रक्कम कंत्राटदारानेच भरून टाकल्याची चर्चा असते. तसे झाले की ज्या पैशाने गावाला मालकी मिळायची, त्याच पैशाने ती विकली जाते.

हा आक्षेप खरा आहे. साळुंख्यांच्या मांडणीत २० टक्के हा आकडा महत्त्वाचा नव्हताच. महत्त्वाचा होता त्याच्याबरोबर आलेला हक्क. जलजीवनमध्ये वर्गणी ठेवली आणि निर्णायक हक्क वगळला, म्हणून ती गरिबावरचा कर ठरते.

गरिबाने भरायचे नाही तर कोणी, याचेही उत्तर महाराष्ट्राने दिलेले आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रयोग म्हणून सुरू झालेली रोजगार हमी योजना पुढे राज्यभर गेली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. नोकरदार आणि व्यावसायिक यांच्याकडून तो घ्यायचा, त्यात राज्याने आपली भर घालायची आणि दुष्काळी गावातल्या मजुराला काम द्यायचे. १९७७ चा हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहराचा पैसा गावाकडे गेला आणि तो मागण्याचा अधिकार कायद्याने मजुराच्या हातात आला.

मग पैसा सरळ ग्रामपंचायतीला दिला की झाले का? चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांचे अनुदान जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांना वगळून थेट ग्रामपंचायतींना दिले. पण किती तरी गावांत ते सिमेंटचे रस्ते, गटारे आणि पेव्हर ब्लॉक यांत जिरले, कारण अंदाजपत्रक करणे सोपे आणि मार्चअखेर खर्च दाखवणे त्याहून सोपे. निधी आला, पण त्याचा विचार करायला गावाला उसंत मिळाली नाही.

ही उसंत कशी विकत घ्यायची हे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने दाखवले. फादर हर्मन बाकर यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या कार्यक्रमात आधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, मग छोट्या क्षेत्रावर शिकायचे. या शिकण्याच्या टप्प्यासाठी वेगळा निधी होता. त्यात गाव तयार झाले की मोठा पैसा नाबार्डमार्फत ग्राम पाणलोट समिती आणि स्वयंसेवी संस्था यांच्या संयुक्त खात्यात यायचा. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांच्यावर भांडणे व्हायची, आणि ती मोठे काम सुरू होण्याआधी व्हायची. दमदार कंत्राटदाराचा आग्रह धरणाऱ्यांना हा काळ वाया गेलेला वाटतो. प्रत्यक्षात ज्या गावात ही भांडणे आधी झाली नाहीत, तिथे नळयोजनेची टाकी बांधून झाल्यावर ती होतात आणि मग मोटारीचे वीजबिल कोणी भरायचे यावर योजना बंद पडते.

जलजीवनची मुदत आता २०२८ पर्यंत वाढवली आहे. उरलेल्या कामांत तीन गोष्टी करता येतील. वर्गणी रोख न घेता देखभालीच्या जबाबदारीत धरावी. गावाच्या तयारीसाठी राखलेला निधी बांधकामाच्या आधी आणि पुरेसा खर्च व्हावा. आणि कंत्राटदाराच्या बिलाचा शेवटचा हप्ता महिला ग्रामसभेने पाणी आल्याचे सांगितल्याशिवाय सोडू नये. मात्र ठरलेल्या मुदतीत तिने लेखी हरकत घेतली नाही तर तो व्याजासह द्यावा. अशी मुदत असेल तर प्रामाणिक कंत्राटदाराचे नुकसान होणार नाही. आज त्याचे बिल अडते ते मुंबई-दिल्लीतल्या तिजोरीत, आणि तिथे त्याच्या बाजूने बोलायला गाव उभे नसते.